शमीमबाईंचा म्हणे धाक

"बाईचा धाक होता, म्हणून खरं लिवत होतास. आता बाई गेली. लिव रोज शून्य, कोण बघतंय रं?" शमीमबाईंच्या दफनाहून परतताना सदाशिव, कारखान्यातला माझा जुना सोबती, मला हे म्हणाला. गेले काही आठवडे साऱ्या साजगावात तो हेच सांगत फिरतो आहे. खुशाल सांगावे, मी मात्र ते खोडून काढल्यावाचून राहणार नाही.

धाक मी पाहिलेला आहे. तो माझ्या मुलाचा होता. रोज किती प्यालो हे नोंदवण्याचे ॲप त्यानेच माझ्या मोबाइलवर घातले. संध्याकाळी घंटा वाजली की एका हातात ग्लास धरून दुसऱ्या हाताने मी शून्य भरत असे, आणि ॲप शाबासकी म्हणून हिरवे फूल देई. अशी बागच्या बाग फुलली. माझे यकृत तेवढे त्या फुलांना फसले नाही, म्हणून मुलाने मला कर्जतच्या दवाखान्यात नेले. तिथे शमीमबाई समुपदेशक होत्या. टेबलापलीकडची खुर्ची सोडून त्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि ती बाग पाहून म्हणाल्या, "काका, तुमी तर साधू झाले की. मग हात का हालतो?"

मी तडक उठलो. त्यांनी अडवले नाही. "शून्याला माझ्याकडं इलाज नाय, काका. चार असतील तर चार लिवा, पाच असतील तर पाच. तिथनं दोघं मिळून खाली उतरू." ...मी पुन्हा बसलो.

माझा मोबाइल त्यांनी कधीही हातात घेतला नाही. दर भेटीत म्हणत, "तुमीच वाचा." मोठा आकडा आला तरी कपाळावर आठी नसे, इतकेच विचारत, "त्या दिवशी घरी कुठनं आले?" वाचता वाचता माझे मलाच उमगले की शिळफाट्याच्या बाजारावरून परतलो की आकडा चढतो, आणि शेताच्या वाटेने आलो की उतरतो. मी वाट बदलली. "पोरीला भ्याला रं हा," असे सदाशिव तेव्हाही म्हणाला होता. दारू सुटली असे मी म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. पण रात्रीच्या जेवणाला मी शुद्धीत बसू लागलो, आणि किती वर्षांनी पत्नी माझ्याशी इकडचे तिकडचे बोलू लागली... हे मला शमीमबाईंनी दिले. त्याची परतफेड त्यांच्या हयातीत झाली नाही, आता व्हायचीही नाही.

दफनाच्या त्या संध्याकाळी मी शिळफाट्यावरून घरी आलो. मुलाने माझा मोबाइल पाहणे केव्हाच सोडले होते, आणि "तुमीच वाचा" म्हणणारे आता कुणी उरले नव्हते. ठरल्या वेळी घंटा वाजली. मी तीन ग्लास प्यालो होतो. मी तीन लिहिले.