होकार माझाच होता
वहिनीचा फोन आला तेव्हा मी टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये भाजी घेत होते. "श्रीधर गेला गं..." एवढंच ती बोलू शकली. हार्ट अ‍ॅटॅक. बिशान भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचले, तर लिफ्टपाशी आपली मराठी मंडळी दबक्या आवाजात म्हणत होती, "मित्रासाठी तुरुंगात गेलेला माणूस!" माझ्या थोरल्या भावाला हे कौतुक जिवंतपणी कधीच सोसलं नाही.

दादा इथे परदेशात एका बांधकाम कंपनीत कामगारांच्या सुरक्षिततेचा अधिकारी होता; धोका दिसला तर काम थांबवणं त्याच्या हातात होतं. पुण्याच्या कॉलेजातला त्याचा जिवलग मित्र महेश त्या साइटचा मॅनेजर. दादाला इथे आणलं तेही त्यानेच. एका दुपारी क्रेनवरून पाईप निसटले आणि खालून चाललेला मुरुगन नावाचा तमिळ कामगार जागच्या जागी गेला. क्रेनचा दोर झिजलाय, हे दादाने सकाळीच बघितलं होतं. "आजचा दिवस चालू दे रे," महेश म्हणाला, आणि दादाने होकार दिला.

महेशवर खटला उभा राहिला. खरं सांगितलंत तर तुमच्यावर खटला भरणार नाही, अशी लेखी हमी सरकारी वकिलांनी दादाला दिली होती. तरीही साक्षीच्या पिंजऱ्यात, "काम चालू ठेवायला कोणी सांगितलं?" या प्रश्नावर तो म्हणाला, "मी उत्तर देणार नाही." न्यायाधीशांनी समजावलं, ताकीद दिली. तो गप्पच. कोर्टाचा अवमान झाला म्हणून त्याची रवानगी कोठडीत झाली; उत्तर द्यायला तयार झाला तरच लवकर सुटका.

आम्हाला त्याचा कोण अभिमान! लोक वहिनीला डबे आणून देत होते. मी भेटायला गेले तर दादा काचेपलीकडे मान खाली घालून बसलेला. "सुमे, मुरुगनचा भाऊ रोज कोर्टात येतो. मी गप्प बसलो तेव्हा माझ्याकडेच बघत होता गं..."

दुसऱ्या दिवशी त्याने न्यायाधीशांना निरोप पाठवला आणि कोर्टात सगळं सांगितलं, स्वतःच्या होकारासकट. महेशला शिक्षा झाली. बाहेर मुरुगनच्या भावाने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "सर, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" दादाने नुसते हात जोडले.

त्याने नोकरी सोडली, शिकवण्या धरल्या. महेशच्या घरच्यांनी संबंध तोडले. आपल्या लोकांनी मात्र नंतरची साक्ष सोयीने विसरून कोठडीच तेवढी लक्षात ठेवली. एकदा मीही म्हणाले, "मैत्रीपायी केवढं सोसलंस!" त्याचा चेहरा पडला. "मैत्री कसली, सुमे? होकार माझाच होता. शिक्षा होणार नव्हती, तरी तो चारचौघांत कबूल करायची लाज वाटली मला. महेश हा फक्त आडोसा होता."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर नवी इमारत उभी राहते आहे. दादा सकाळचा चहा तिथेच उभा राहून घ्यायचा, असं वहिनीने परवा सांगितलं. मी कप घेऊन तिथे उभी राहिले. क्रेनवर सळयांचा भारा लटकत होता आणि दोन कामगार गप्पा मारत त्याखालून चालले होते... ते पलीकडे पोचेपर्यंत मला घोट घेता आला नाही.