हाडंवाले काका आणि तीन शाळा

आमच्या शिक्षण कचेरीच्या गाडीवर जे ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळी पोरं ‘हाडंवाले काका’ म्हणतात. त्यांच्या अंगकाठीशी याचा काही संबंध नाही; माणूस चांगला आडवा आहे. आमच्या हद्दीत सहावी ते आठवीच्या तीन शाळा, आणि तिघींत मिळून प्रयोगाचं सामान एकच: एक सांगाडा, एक मायक्रोस्कोप, एक प्रोजेक्टर आणि काचसामानाची पेटी. ज्या शाळेचा वार असेल तिथे हे सगळं पोचवायचं, हे काकांचं काम. सांगाडा मागच्या सीटवर पट्टा लावून बसतो. बाजारातल्या शाळेत त्याला ‘मामा’ म्हणतात, नदीकाठच्या शाळेत ‘इन्स्पेक्टर’, टेकडीवरच्या शाळेत नुसताच ‘बारक्या’. तिन्हीकडच्या पोरांची खात्री आहे की तो आपल्याच शाळेचा.

तिन्ही शाळांत येणंजाणं असल्यामुळे लोक काकांचा सल्ला घ्यायचे. काका एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने लोकांच्या पोरांची आयुष्यं मार्गी लावायचे. ‘‘तुमचा आडदांड आहे ना, मग नदीकाठची. मैदान मोठं आहे.’’ किंवा, ‘‘पोरगी सकाळी उठत नाही? मग बाजारातली, घराजवळ.’’ एकदम बेधडक. मी कचेरीत बसून तीन ओळींचं पत्र लिहिताना दहादा खोडतो, त्यामुळे मला त्यांचा हेवाच वाटायचा.

मग त्यांच्या स्वतःच्या एकुलत्या एक लेकीची पाचवी संपत आली आणि माणसाची पार भंबेरी उडाली.

नियम साधा होता. पालकांनी शुक्रवारपर्यंत शाळेची पसंती कळवायची. नाही कळवली तर जिथे जागा असेल तिथे कचेरी ढकलून देणार. आणि एकदा शाळा ठरली की आठवी होईपर्यंत बदल नाही. पालकांच्या सोयीसाठी तिन्ही शाळांची तुलना करणारा एक तक्ताही आम्ही काढला होता. टाइप मीच केला होता. काकांनी तो माझ्या टेबलावर आणून पसरला.

‘‘भाऊ, यात मायक्रोस्कोप तिन्ही शाळांपुढे ‘आहे’ लिहिलंय.’’

‘‘आहेच की.’’

‘‘अहो, तो आत्ता माझ्या गाडीत आहे!’’

काकांनी तक्त्यावर बोट फिरवलं. टेकडीवरच्या शाळेचा निकाल शंभर टक्के, पण तिथे आठवीत पोरंच मूठभर. शिवाय विज्ञानाचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. नदीकाठी शिक्षक पूर्ण, पण वर्ग इतके भरलेले की मागच्या बाकावरचं पोर गैरहजर असलं तरी कळायचं नाही. बाजारातल्या शाळेची इमारत नवी कोरी, पण खिडकीखाली दिवसभर ट्रक हॉर्न वाजवतात. ‘‘हा तक्ता वाचून माझं होतं नव्हतं तेवढंही डोकं चालेनासं झालंय,’’ काका म्हणाले. त्यांच्या मेहुण्याचं मत बाजारातल्या शाळेला होतं, कारण त्याचं दुकान शेजारीच होतं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, मत रोज बदलत होतं, आणि जे मत असेल त्याच्या विरुद्ध काका चुकून काही बोलले की ते तिथेच पक्कं होत होतं.

त्याच आठवड्यात तिन्ही शाळांनी पालकांना शाळा बघायला बोलावलं. लागोपाठचे दिवस. म्हणजे संध्याकाळी एका शाळेतून सामान उचलायचं आणि सकाळी दुसरीत मांडायचं. काका ड्यूटीवर, आणि वहिनी आणि लेक पालक म्हणून, असं अख्खं कुटुंब तिन्ही ठिकाणी हजर.

बाजारातल्या शाळेत मायक्रोस्कोपपुढे पोरांची रांग लागली. बाई प्रत्येकाला म्हणत होत्या, ‘‘बघितलंस? किती छान दिसतं ना? चला, पुढे.’’ काकांच्या लेकीने डोळा लावला आणि म्हणाली, ‘‘छान दिसतं.’’ दुसऱ्या दिवशी नदीकाठी रांग आणखी मोठी. तिथेही तिने डोळा लावला, ‘‘छान दिसतं’’ म्हणाली आणि पुढे सरकली. घरी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘‘काही म्हणा, नदीकाठचा मायक्रोस्कोप जास्त चांगला आहे. कसा चकचकीत होता!’’ तो काकांनीच सकाळी फडक्याने पुसला होता. पण ड्यूटीची गोष्ट घरी बोलायची नाही हा त्यांचा नियम, म्हणून बिचारे गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरच्या शाळेत पालकांची हजेरी घ्यायला मीही गाडीतून गेलो. तिथे पालक थोडेच होते. विज्ञानाचे सर नाहीत म्हणून मायक्रोस्कोपच्या टेबलाशी आठवीतली एक मुलगी उभी केली होती, दोन वेण्या आणि भलताच करारी चेहरा. काका कोपऱ्यात मायक्रोस्कोपवर नजर ठेवून उभे होते. त्यांच्या लेकीने डोळा लावला.

‘‘छान दिसतं,’’ ती म्हणाली.

‘‘काय दिसतं?’’ आठवीतल्या मुलीने विचारलं.

लेकीने परत डोळा लावला.

‘‘सांग की. काय दिसतंय?’’

‘‘काळ्या काड्या,’’ लेक हळूच म्हणाली. ‘‘हलतात.’’

‘‘अगं, त्या तुझ्या पापण्या आहेत! मलापण सहामाहीपर्यंत त्याच दिसत होत्या. डोळा जरा लांब धर. आता हे चाक फिरव. मी नाही फिरवणार, तूच फिरव.’’

लेक बराच वेळ चाक फिरवत होती. मागे कोणी खोळंबलेलं नव्हतं. मग ती एकदम ओरडली, ‘‘विटा! बाबा, विटांची भिंत आहे आत!’’ काचेखाली कांद्याचा पापुद्रा होता. ती डोळा काढायलाच तयार होईना. वहिनींनी तिला दंडाला धरून बाजूला केलं.

परतताना वहिनी वाटेत मेहुण्याच्या दुकानाशी उतरल्या. गाडीत पुढे काका आणि लेक, मागे मी आणि सांगाडा.

‘‘मग पहिल्या दोन शाळांत तू छान दिसतं म्हणालीस, ते काय?’’ काकांनी विचारलं.

‘‘तिथेपण काड्याच दिसल्या.’’

‘‘मग तसं सांगायचं नाही का?’’

‘‘रांग होती ना बाबा. आणि बाई म्हणाल्या छान दिसतं, म्हणून मीपण म्हणाले.’’

काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ‘‘आणि वर्गात? काही कळलं नाही की काय म्हणतेस?’’

‘‘कळलं म्हणते.’’

‘‘आणि मी घरी विचारतो तेव्हा?’’

लेकीने खिडकीबाहेर पाहिलं. काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. पाच वर्षं हा माणूस पोरीला रोज विचारत होता आणि रोज निर्धास्त होत होता. मला मागे बसून इतकं अवघडल्यासारखं झालं की मी सांगाड्याचा पट्टा उगाच घट्ट केला.

तुम्हाला वाटेल, झालं, शाळा ठरली. कसलं काय! शुक्रवारी काका सकाळपासून माझ्या टेबलाशी घिरट्या घालत होते. ‘‘भाऊ, तिथे विज्ञानाला सरच नाहीत. ते असते तर ती मुलगी टेबलाशी उभी राहिली असती का? म्हणजे सर नाहीत हेच चांगलं म्हणायचं? आणि ती आठवीत आहे, म्हणजे माझी पोर जाईल तेव्हा ती तिथे नसणारच! मग मी काय बघून नाव घालू? उद्या चांगले सर आले आणि तेच म्हणाले, छान दिसतं, चला पुढे, तर?’’

मी तक्ता परत उलटून पाहिला; त्यात हे कुठेच नव्हतं. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. बाजारातल्या शाळेचं नाव द्या, त्यांचं आता पक्कं झालं होतं. काका ‘हो हो’ म्हणाले, फोन ठेवला आणि टेकडीवरच्या शाळेचं नाव लिहिलं. ‘‘चुकलं असेल बहुतेक,’’ म्हणाले आणि गाडी पुसायला गेले. घरी काय रामायण झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी परतीच्या फेरीत मी गाडीत होतो. लेक फाटकातून आली ती तोंड पाडूनच. काकांनी घाबरत घाबरत विचारलं, ‘‘कशी आहे शाळा?’’

‘‘बाबा, गणिताच्या बाई फार भराभर जातात. मला काही कळलं नाही, तर मी उभी राहून विचारलं. मग त्यांनी परत सांगितलं, तरी नाही कळलं. परत विचारलं. त्या चिडल्या थोड्या. आणि शेजारची मुलगी कोपर मारते. आणि मैदानात सावलीच नाही, आणि पाण्याच्या नळाला वास येतो...’’

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. हा माणूस आता हसणार की रडणार, मला कळेना. ‘‘भाऊ, हे चांगलं म्हणायचं का वाईट?’’

‘‘मला काय विचारता?’’ मी म्हणालो.

लेकीने त्यांची बाही ओढली. ‘‘बाबा, ऐकतोयस ना?’’

‘‘ऐकतोय गं,’’ काका म्हणाले आणि त्यांनी गाडीचा वेग कमी केला. ‘‘सांग, अजून काय काय वाईट आहे?’’