दोनच पाट

"येऊ का आत?"

आमच्या टॉवेल कारखान्यात कुणाचाही कॉम्प्युटर अडला, की कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अक्का त्याला फोन करून एवढंच विचारायच्या. समोरून "या" आलं, की मगच त्या आपल्या जागेवर बसून त्याचा पडदा स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडायच्या. आत आल्यावर माउसचा बाण दोनदा छोटासा गोल फिरवायच्या. तो त्यांचा नमस्कार.

तुम्ही म्हणाल, पासवर्ड त्यांच्याकडेच होते, मग विचारायचं कशाला? नवा असताना मीही हेच म्हणालो होतो.

"किल्ली हाय म्हणून कुणाच्याबी घरात शिरायचं का रे, जेऊर?"

जेऊर म्हणजे मी. गावाच्या नावानेच त्या मला हाक मारायच्या. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवी कॉम्प्युटरची, पण सर्व्हर कधी हाताळलेला नव्हता. आमचा सर्व्हर, म्हणजे सगळी बिलं-हिशेब ठेवणारा मोठा कॉम्प्युटर, मुंबईत, कुठल्याशा भाड्याच्या जागेत. तो आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. अक्कांनी माझ्याकडून त्याचा पत्ता टाकून घेतला, नाव-पासवर्ड घातला आणि माझ्या कॉम्प्युटरवर तिकडचा पडदा उघडला. मी शर्ट नीट करून ताठ बसलो.

"बस की निवांत. त्याला तू दिसत न्हाईस."

अक्कांचे वडील मागावर चादरी विणायचे. घरात तेलुगू. मी घाईघाईने बटणं दाबायला लागलो, की त्या "आगु, आगु" म्हणायच्या. म्हणजे थांब, थांब. अजून घाई झाली की मी स्वतःला तेच सांगतो.

त्या सर्व्हरवर एका वेळी दोघांनाच आत बसता येतं. "दोनच पाट मांडलेत. जेवण झालं की उठायचं," असं अक्का सांगायच्या. उठायचं म्हणजे रीतसर साइन आउट करायचं. नुसती फुली मारून खिडकी बंद केली, तर माणूस निघून जातो पण त्याची जागा अडलेलीच राहते. असं कुणी केलं की अक्का ऑफिसभर विचारत फिरायच्या, "ताट तसंच टाकून कोण उठलं?"

बहुतेक वेळा गोदामातले मामा असायचे. एकदा तर घरी निघताना आपला कॉम्प्युटर समजून त्यांनी सर्व्हरच बंद केला. सगळी बिलं थांबली.

"अवो अक्का, दोनी पडदे सारखेच निळे. मला काय ठावं?"

अक्का रागावल्या नाहीत. मुंबईला फोन करून त्यांनी सर्व्हर सुरू करून घेतला आणि त्याच्या पडद्यावर आपल्या घराच्या दाराचा फोटो लावला. उंबऱ्यावर हळदकुंकू, पुढे रांगोळी.

"आता दिसंल मामा, कुणाच्या दारात हाय ते."

माझी आई एकदा ऑफिस बघायला आली. मी नेमका गोदामात होतो. अक्कांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, मला फोन केला आणि त्यांच्या पडद्यावर यायला सांगितलं. मी बाण गोल फिरवला.

"पोरगं हाय व्हय त्यात?" फोनमधून आईचा आवाज आला.

"हाय की. नमस्कार करतंय बघा."

"जेवलास का, इचारा."

मी तिथे 'जेवलो' असं टाइप केलं. आईला वाचता येत नाही. अक्कांनी वाचून दाखवलं. गावाकडे आई अजून सांगते, की माझा ल्योक लांबून बाण हलवतो.

मग अक्का आजारी पडल्या. दवाखान्यातल्या खाटेवर लॅपटॉप घेऊन काम करायच्या. "येऊ का आत?" दिवसेंदिवस बारीक ऐकू यायचं. एका दुपारी गोदामात लेबलं छापली जाईनात. मी तिथेच होतो. त्या खाटेवरूनच पडद्यावर आल्या. बाण एकदा गोल फिरला, दुसऱ्यांदा अर्ध्यावरच थांबला. लेबलं मात्र सुरू झाली. "येते हं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्याचा फोन आला.

काही दिवसांनी नवं सॉफ्टवेअर टाकायला आलेला इंजिनिअर मला म्हणाला, "सर्व्हरवर जागा नाही." आत कोण बसलंय त्याची यादी मी उघडली. दोन नावं. एक माझं. दुसऱ्या नावापुढे 'डिस्कनेक्टेड' लिहिलेलं, म्हणजे माणूस नाही, पण जागा अडलेली. ते अक्कांचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या साइन आउट न करता निघाल्या होत्या.

मी साइन आउट केलं आणि माझी जागा इंजिनिअरला दिली. पुढेही त्याला लागेल तेव्हा मीच उठत राहिलो.

शेवटी नव्या सॉफ्टवेअरसाठी सर्व्हर बंद करून परत चालू करणं भागच पडलं. त्यात अक्कांची अडलेली जागाही जाणार होती. शेठ म्हणाले, "तिचा पासवर्ड बदलून आत जा. काय अर्धवट राहिलंय का, बघून घे." मला ते सहज जमलं असतं. त्यांनी शेवटचं काय उघडून ठेवलं होतं, ते दिसलं असतं.

मी सर्व्हरवर गेलो. समोर त्यांचं दार. मी हळूच विचारलं, "येऊ का आत?"

मग त्यांच्या खात्यात न जाता यादीत त्यांच्या नावावर साइन आउट दाबलं. न साठवलेलं काम जाईल, अशी सूचना आली. मी हो म्हटलं. नाव गेलं.

सर्व्हर परत चालू झाला तेवढ्यात फोन वाजला. गोदामातून मामा होते. त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"जेऊर, झालं का रं? येऊ का आत?"

"या," मी म्हणालो आणि बाण दोनदा गोल फिरवला.