खिडकीखालचा गाडा

धारूरच्या कॉलेजात माझ्या लेकीचा बीएचा पेपर होता. तिचा बाक रस्त्याकडच्या उंच खिडकीशी आला होता आणि मला त्या खिडकीचीच धास्ती होती. बाहेरून लोक दगडाला गुंडाळून चिठ्ठ्या फेकतात. आदल्या पेपरला अशी एक चिठ्ठी भलत्याच मुलीच्या पायाशी पडली आणि भरारी पथकाने तिचाच पेपर काढून घेतला.

खिडकीखाली भिंतीला लागून एका चाचांचा टरबुजांचा गाडा होता. ते प्रत्येक टरबूज बोटाने वाजवायचे, मान कलती करून ऐकायचे आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचे. पेपर सुरू झाल्यापासून मी त्या गाड्याशेजारीच उभी होते. तेवढ्यात दोन बाप्ये आले. एकाने गाड्यावर पाय ठेवला.

"चाचा, जरा चढू द्या. पुतण्याला चिठ्ठी द्यायचीय."

"न्हाई."

"तुमाला कावून एवढी काळजी? टरबुजं नापास होनार हायेत का?"

चाचा हसले, पण जागचे हलले नाहीत. "तुमची चिठ्ठी दुसऱ्याच्या लेकराच्या पायाशी पडंल. त्याचं वर्ष तुमी भरून देनार का? पाय काढा."

मला हेच म्हणायचं होतं, पण परक्या माणसांपुढे माझं तोंड उघडत नाही. ते दोघे पुटपुटत निघून गेले. तेव्हा कुठे मला कळलं, की सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

पेपर सुटल्यावर लेक बाहेर आली. "आई, एक प्रश्न राहिला," ती हिरमुसून म्हणाली.

मला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचा पेपर शेवटपर्यंत तिच्याच हातात राहिला होता.