कॅसिनोतल्या म्हातारीचा अंगठा

त्या मालिकेवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. भुताखेतांच्या मालिका लोक आवडीनं बघतात, बघू देत बापडे. पण त्यांनी माझ्या आईला त्यात घेतलं आणि तिनं आयुष्यभर कमावलेलं नाव अर्ध्या तासात मातीत घातलं.

आई बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालते. घालत होती, म्हणायला हवं. कोल्हापुरात आमच्या पेठेत असं घर सापडायचं नाही, जिथलं एखादं मूल तिच्या पायांवर आडवं झालं नाही. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला त्यावर घ्यायचं, तेल चोळायचं, ऊन पाणी घालायचं. आणि सगळ्यात शेवटी उजव्या हाताचा अंगठा बाळाच्या कपाळावर टेकवून नाकाच्या शेंड्यापर्यंत हळूच ओढायचा आणि म्हणायचं, "शंभर वर्सांचं हो." त्यानं नाक सरळ होतं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण त्या अंगठ्याशिवाय अंघोळ पुरी झाली असं कुणी मानत नसे.

अशाच एका बाळंतिणीचा नवरा मालिकांना माणसं पुरवायचा. आमच्याकडं हल्ली सारखी शूटिंगं चालू असतात. त्याला आईचा सुरकुतलेला चेहरा आवडला. शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयात त्यांनी कॅसिनो उभा केला होता. जेवणावळीच्या टेबलांवर हिरवं कापड, मधे गरगर फिरणारं चाक आणि भिंतीवरचं 'शुभ विवाह' झाकायला लाल मखमली पडदा. तो सारखा सुटत होता.

"कसिनो म्हंजे काय गं?" आईनं विचारलं.

"मटक्याचा अड्डाच. पण एसीतला."

"मग मी हितं काय करू?"

गोष्ट अशी होती की पैसे संपलेले लोक शेवटी स्वतःच्या आयुष्याची वर्षं डावावर लावतात, आणि हरलेल्याची वर्षं काढून घ्यायला तिथं एक म्हातारी बसलेली असते. ती म्हातारी म्हणजे आई. दिग्दर्शक घाईत होता. म्हणाला, "आजी, त्याच्या तोंडावरून हात फिरवा. तुम्हाला जमेल तसा." आईला जमत होतं ते एकच. तिनं त्या नटाच्या कपाळावर अंगठा टेकवला आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला. "एक नंबर!" दिग्दर्शक ओरडला. मी तिथंच उभी होते. मला काहीही खटकलं नाही, उलट मी मोबाइलवर फोटो काढत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी सगळ्यांना नावं ठेवणार आहे.

तो भाग लागला त्या संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या घरात बसली होती. आईनं चिवडा केला होता. पडद्यावर हिरव्या उजेडात तिचा चेहरा आला, अंगठा कपाळावरून खाली सरकला, आणि बघता बघता त्या तरण्या माणसाचे केस पिकले, गाल बसले, तो टेबलावर कोसळला. पोरं किंचाळली. समोरच्या घरातली सून, जिच्या बाळाला आई नऊ दिवस न्हाऊ घालत होती, वाटीतला चिवडा तसाच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की डॉक्टरांनी अंघोळ बंद ठेवायला सांगितली आहे. दुपारी मात्र दुसरीच बाई त्यांच्या घरात शिरताना मी डोळ्यांनी बघितली. मग कुणाच्या बाळाला सर्दी झाली, कुणी बाळंतिणीला घेऊन शाहूवाडीला गावी गेलं. तोंडावर खरं बोलायची एकीची हिंमत नाही! एकीला मी भाजी मंडईत गाठलं.

"तुमच्या तिन्ही पोरांची नाकं कुणी चोळली?"

"तसं न्हाय वं ताई. नाटकच हाय ते, कळतंय की आमाला. पर ल्हान जीव हाय, मनात येतं."

मनात येतं म्हणे! जिनं तुमची पोरं फुलासारखी हाताळली तिच्याबद्दल मनात येतं, आणि टीव्हीवर दिसलं ते मात्र खरं. मालिकेवाल्याला फोन करून झाडायला गेले, तर तो म्हणाला, "आजींचं काम गाजलं की! अजून एक भाग करूया."

आई मात्र रोज तेलाची बाटली उन्हात ठेवायची आणि म्हणायची, "माझ्या पणतवंडाला तरी घालीन की न्हाऊ." माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आईचा सगळा जीव त्या एका अंघोळीत अडकला होता.

मुलगी झाली. इचलकरंजीहून विहीणबाईंचा फोन आला. "राग मानू नगासा, पर आज्जींचा हात तेवढा पोरीला..."

"सुनंला माहेरी धाडलंय न्हवं? मग हितलं आमी बघतो!" मी एवढी ओरडले की शेजारची खिडकी उघडली. मोबाइल आपटता येत नाही याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आणि मग ती अंघोळ. आई पाटावर बसली, पाय लांब केले. पणती तिच्या पायांवर. तेल झालं, पाणी झालं. आईनं अंगठा उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते हिरवं टेबल आलं. मी आईचं मनगट धरलं.

मी. गल्लीभर भांडत फिरलेली मी.

आईनं मान वर केली. "तुझ्याबी कपाळावरनं ह्योच अंगठा फिरलाय," ती म्हणाली. "बावन्न वर्सांची झालीस की."

मी हात सोडला. "फिरव गं आई, फिरव," म्हटलं. पण तिनं अंगठा मुठीत मिटून घेतला, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि पोर माझ्याकडं दिली. त्यानंतर तिनं कुणालाच न्हाऊ घातलं नाही.

नात आता चालायला लागली आहे. गोड आहे, नाक तेवढं बसकं. परवा विहीणबाई आल्या होत्या. तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ह्या पोरीचं नाक कुणी चोळलंच न्हाय वाटतं."

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. आई शेजारीच बसली होती. मी चहा टाकायला आत गेले.