वळणावरचा पेंढा

बायकोच्या तेराव्याला एक भाचा पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "मामी बिचारी साधी. चुलीपलीकडं काय बघितलंच नाही तिनं." मी हातातला घास परत पानात ठेवला. पण तेराव्याला कोण भांडत बसतं? ते बोलणं मात्र डोक्यातनं जात नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. तरी लिहितो, कारण चुलीपलीकडं तिनं काय बघितलं ते मी तिच्या शेजारी बसून बघितलंय.

मी ट्रकवर होतो. कामशेतात तांदूळ भरायचा, घाट उतरून मुंबई, येताना मिळेल तो माल. एकदा घाटात ऐन उतारावर ब्रेकचा पाइप फुटला. दरीत जाण्यापेक्षा बरं म्हणून गाडी डोंगराच्या अंगावर घातली. क्लीनर उडी मारून वाचला. माझ्या बरगड्या गेल्या आणि उजवा पाय मोडला. चूक माझी नव्हती, पोलिसांनीही तसंच म्हटलं. पण इस्पितळात पायाला वजनं टांगलेली असताना तिनं माझा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची आण हाय. पुन्ना इस्टेरिंग धरायचं न्हाई."

मी व्हय म्हणालो. त्या वेळी कुणीही म्हणाला असता.

आमच्याकडं आण म्हणजे आण. जिनं घातली तिनं आपल्या तोंडानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. आणि मोडली तर जिच्या गळ्याची, तिचंच बरंवाईट होतं.

मग लोणावळ्याला मुंबईवाल्यांच्या एका बंगल्यावर आम्ही दोघं लागलो. ती स्वयंपाकाला, मी गाड्या धुवायला, नटबोल्ट आवळायला. गॅरेजातनं गाडी बाहेर काढायची तर मी ती ढकलत काढायचो. पाहुण्यांचे ड्रायव्हर पायरीवर बिड्या ओढत बघत बसायचे. मला त्यांनी नाव ठेवलं होतं फडकं. "ए फडक्या, काच राहिली बघ." राग यायचा. पण बोलणार काय, हातात फडकं होतंच.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात धाकट्या मालकांनी एक गाडी घेतली. कुणी गोरा साहेब देश सोडून निघाला होता, त्याची. दोन माणसांची, उघडी, बाटलीसारखी हिरवी. इतकी बुटकी की आत बसलं की बूड रस्त्याला लागतंय का काय असं वाटायचं. गिअरचा दांडा वितीएवढा. खालचा गिअर टाकायचा तर ट्रकसारखाच हट्ट: क्लच दाबा, न्यूट्रल करा, सोडा, जरा रेस द्या, पुन्हा दाबा, मग टाका. मालकांना ते जमायचं नाही. दात खाल्ल्यासारखा आवाज काढायचे ते गिअर. मी शेजारी बसून सांगायचो आणि माझा उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचो, नाहीतर तो आपोआप दांड्याकडं जायचा.

मालकांना ती गाडी आंबीच्या पलीकडच्या माळावर पळवायची होती. मुंबईच्या हौशी लोकांनी तिथं मुरूम टाकून, रोलर फिरवून एक गोल रस्ता केला होता. एका रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमणार होते. एकेक गाडी सोडायची, तिनं इंजिन बंद न पाडता तीन फेऱ्या मारायच्या, घड्याळ लावलेलं. वळणांवर बाहेरच्या अंगाला भाताच्या पेंढ्याच्या थप्प्या रचल्या होत्या, गाडी घसरली तर मऊ लागावं म्हणून. लांबचं वळण एका टेकाडामागं होतं, सुरुवातीच्या जागेवरनं दिसायचं नाही. तिथं पेंढ्याच्या मागं दगडाची जुनी खाण होती, दोन पुरुष खोल.

मी मालकांबरोबर त्या गाडीत गेलो. बायको जेवणाची पातेली घेऊन मागनं जीपमधनं आली.

दुपारपर्यंत निम्म्या गाड्या पळाल्या. मग जेवणं झाली. आमचा नंबर जेवणानंतर पहिला. मालकांना धीर निघेना. मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी स्वतःच पुढनं हँडल मारलं, आणि हँडल उलटं फिरलं. डाव्या मनगटावर बसलं. बघता बघता पेरूएवढी सूज आली. गिअर डाव्या हाताचा.

"मिस्त्री, तू चालव," मालक म्हणाले.

मी पाण्याची बादली खाली ठेवली.

"हे बघ, मला ड्रायव्हर ठेवायचाच आहे. आज तू चालवलीस तर उद्यापासून किल्ली तुझ्याकडे. नाहीतर मुंबईहून माणूस आणीन."

पायरीवरचे सगळे ड्रायव्हर तिथं होतेच. एक म्हणाला, "फडकं काय चालवतंय! बायकोला तरी विचार आधी."

"इचारतोच की," म्हणालो आणि निघालो.

ती बाभळीखाली पातेली आवरत होती. तिच्यासमोरनं गावच्या दोन बाया डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन चालल्या होत्या. ही त्यांना विचारत होती, "मावशे, चांगला पिवळाधमक हाय गं. कुनाचा?"

"देवाचा," त्यातली एक म्हणाली, आणि दोघी हसत गेल्या.

"सुटली म्हण," मी म्हणालो.

"कशाला?"

सांगितलं.

"न्हाई म्हनायची."

"उद्या दुसरा ड्रायव्हर आनत्याल. मी मरंस्तवर फडकंच मारू का?"

"मारा. फडकं मारून कोन मेलंय का आजवर?"

"समदे बघत्यात गं."

"बघू द्या. तुमी मेलाव तर त्यातला कोन येनार हाय मला इचारायला?"

मी तिथंच उभा राहिलो. पाय हलेना, ना पुढं ना मागं. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हात धुतले, पदराला पुसले, पदर कमरेला खोचला आणि माझ्या पुढं चालायला लागली. गाडीपाशी जाऊन ते बारकं दार उघडलं आणि बसली आत.

"आण माझ्या गळ्याची हाय न्हवं? मोडली तर माझंच काय ते व्हनार. मग गळा बी हितंच आसू द्या."

घड्याळवाला धावत आला. "बाईंना नाही बसता येणार."

"शेजारी मेकॅनिक चालतो ना?" मालक म्हणाले. "ही माझी मेकॅनिक."

सगळे हसले. ती हसली नाही. तिला डोक्यावर घालायला एक टोप दिला, तो अंबाड्यावर बसेना. घड्याळवाला म्हणाला, अंबाडा सोडा. "घरी सांगा तुमच्या बायकूला, सोड म्हनून," ती म्हणाली आणि टोप परातीसारखा मांडीवर घेऊन बसली.

मी स्टिअरिंग धरलं आणि उजवा पाय कापायला लागला. मोडलेला तोच, आणि रेसवर असतो तोही तोच. गाडी हिसके खात निघाली. दुसऱ्या गिअरच्या वर मी टाकलाच नाही. डोळे बोनेटच्या टोकावर, बाकी माळ मला दिसतच नव्हता. टेकाडामागच्या वळणावर काही माणसं पळापळ करून बाजूला झाली. एक बैलगाडी उभी होती.

"पेंढा न्हेत्यात त्यो," ती म्हणाली.

मी ऐकलं, पण ते कानातच राहिलं. वळण संपवलं, घाम पुसला. सुरुवातीच्या जागेवरनं गेलो तर लोक ओरडत होते, "बैलगाडी! बैलगाडी!"

ती समोर बघत म्हणाली, "येवढं भ्याव वाटत हुतं तर माझ्या आणंचं नाव कशाला फुडं केलंत इतकं दिस?"

मला इतका राग आला की तिला तिथंच उतरवावं. खरं होतं ना, म्हणून. तिसरा टाकला आणि रेस दाबली. टायर मुरूम उडवायला लागले, वारं तोंडावर बसायला लागलं. पाय कापायचा थांबला. खरं सांगतो, बरं वाटलं. लय बरं वाटलं. टेकाड आलं, टेकाड गेलं, आणि पुढं वळण नव्हतंच.

पेंढ्याची एक काडी राहिली नव्हती. बैलगाडीही गेलेली. माळ पिवळा, मुरूम पिवळा, रस्ता कुठं वळतो ते सांगायला मध्ये काहीच नाही. झेंडी घेऊन तिथं एक माणूस उभा केलेला, तो जेवायला गेला तो आलेलाच नव्हता.

"आवो खान!" ती ओरडली.

पाय ब्रेकवर गेला आणि नुसताच टेकला. त्या पायाचा ब्रेकवर विश्वास उरला नव्हता. हातानं परस्पर काम केलं: न्यूट्रल, रेस, दुसरा. इंजिन किंचाळलं, मागचं अंग घसरलं, गाडी आडवी झाली आणि धुरळ्यात थांबली. क्लच मी दाबून धरला होता, इंजिन चालूच राहिलं.

खाण तिच्या बाजूला होती. तिनं दारावरनं वाकून बघितलं.

"खाली पानी हाय," म्हणाली. विहिरीला पाणी आहे म्हणावं, तशी.

मी किल्ली बंद करायला हात घातला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"बंद करू नगा."

"उतर खाली. जाऊन सांगतो त्यास्नी, पेंढा न्हेला म्हनून."

"इंजन बंद झालं तर हुकलं. आनि आज हितं उतारलाव तर जल्मात पुन्ना बसनार न्हाई तुमी. मला ठावं हाय."

दार उघडून ती गाडीला धरून धरून उतरली. कडेला हातभर जागा होती. तिथनं चालत पेंढा रचला होता त्या जागी गेली आणि माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. मागं खाण.

"मी हितं उभी ऱ्हाते. मला बघा नि वळा."

"येडी हायस का? हो बाजूला!"

"सुटली," ती म्हणाली. "ऐकलंत? आण सुटली. जावा आता."

गाडी मी कशी वळवली आणि कशी काढली ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सुरुवातीच्या जागेवर आलो आणि लोकांनी रिकामी सीट बघितली. "बाई कुठंय? अरे, बाई पडली!" एकच गलका. मालक सुजलेला हात पोटाशी धरून रस्त्याच्या कडेनं पळायला लागले. मी हातानं खूण केली, ती आहे म्हणून. हाताला काय सांगता येतं? त्यांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलं.

थांबलो नाही. तिसरा टाकला.

टेकाडाच्या अलीकडं ती दिसत नव्हती. तेवढ्यात तिनं जागा बदलली असेल का, चक्कर येऊन बसली असेल का, कुणी येऊन बोलत असेल का, सगळं डोक्यात आलं. मग टेकाड सरलं आणि ती दिसली. डाळिंबी लुगडं, काखेत टोप. हात हलवत नव्हती, काही नाही. खांबासारखी उभी. लवकर वळलो तर आतल्या दगडांवर, उशीर झाला तर ती आणि तिच्यासकट खाण. रस्ता मी बघितलाच नाही. तिचे पाय बघितले आणि ब्रेक दाबला. दाबला म्हणजे दाबला. ब्रेक लागला. दुसरा टाकला, वळलो. मुरमाचा सडा तिच्या अंगावर गेला आणि धुरळ्यात मला काही दिसेनासं झालं.

फेरी पुरी केली. घड्याळवाल्याला सांगितलं, पुढची गाडी सोडू नका, वळणावर पेंढा नाही. तो काहीतरी विचारत होता, मी लंगडत माळातनं पळत सुटलो. घड्याळात आम्ही शेवटून दुसरे आलो, असं नंतर कळलं. किल्ली दुसऱ्या दिवशी मिळाली, आणि पुढं म्हातारा होईस्तोवर मी गाडीच चालवली.

ती जमिनीवर बसून केसांतले खडे काढत होती. कपाळाला एका ठिकाणी रक्त आलं होतं. मालक धापा टाकत बाजूला उभे. मी त्यांचीही भीड धरली नाही.

"आतल्या अंगाला का न्हाई उभी ऱ्हायलीस? अक्कल हाय का तुला?"

"पेंढा भाईरनं हुता. आत उभी ऱ्हायले आसते तर मला चुकवायला तुमी भाईर गेला असताव. खानीत."

"मेली आसतीस!"

"तुमी वळनार हुताव."

"कशावरनं?"

तिनं लुगडं झटकलं, टोप मालकांच्या चांगल्या हातात दिला आणि उठली. "भांडी तशीच पडल्यात," म्हणाली आणि बाभळीकडं चालायला लागली.

कशावरनं, ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढं मी कितींदा तरी विचारलं, भांडणात विचारलं, गोडीत विचारलं. आत्ता, शेवटच्या आजारात, उशाशी बसून पण विचारलं. "काय त्येच त्येच वो," म्हणाली आणि कूस बदलली.