अमीरबीच्या रेघा

नरसी नामदेवची कहकशा म्हणजे नाकावर राग आणि हातात माउस. हिंगोलीला कॉम्प्युटर शिकली, आता घरी बसून बाहेरच्या कंपन्यांना आकृत्या काढून देते. रेघांची गिचमिड दिसली की हिला अन्न गोड लागत नाही, असं तिचे अब्बा मकबूल चारचौघांत कौतुकानं सांगतात.

गावातल्या बायकांच्या गटाला गावरान बियाणं एका ठिकाणी जपायचं होतं. वांगं, दोडका, वाल, सगळं एकाच भरवशाच्या बाईच्या घरी राहणार. ती बाई कोण, हे मेळाव्यात ठरायचं होतं. गटाच्या पार्वतीबाईंनी कहकशाला धरलं. "पोरी, कोणी कोणाकडून बी नेलं ते चित्रात दाव. बायांना बघताच कळलं पाहिजे."

कहकशा घरोघर हिंडली, कोणाकडून काय नेलं ते घेणारीलाच विचारलं. प्रत्येक बाईचा एक ठिपका, देणारीकडून घेणारीकडं एक रेघ, रेघेच्या टोकाला बाण. चित्र झालं तर काय, सगळ्यात जास्त रेघा तिच्या अम्मीच्या, अमीरबीच्या ठिपक्यातून निघालेल्या! पोरगी मनातल्या मनात नाचलीच.

मेळाव्याच्या आधीच्या बैठकीत चित्र भिंतीवर लावलं. द्वारकाबाईनं चष्मा सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं बाई! अमीरबीनं तर साऱ्या गावाकडून मागून नेलं की!"

कहकशानं चित्राकडं परत निरखून पाहिलं. बाण काढले होते एवढेएवढेसे, तेही ठिपक्यांखाली दबलेले. रेघ कुठून निघाली नि कुठं गेली, कोणाला कळणार, कपाळ! ती बोलायला उठली, तर अमीरबीनं तिचा हात दाबून खाली बसवलं. दिलेलं बी देणारीनं बोलून दाखवलं तर ते उगवत नाही, असं इथल्या बाया मानतात.

"अम्मी, सगळ्या उलटं समजून राहिल्या!"

"समजू दे. आपल्या तोंडानं सांगायचं न्हाई."

आता या बाईपुढं काय डोकं फोडावं? अम्मी बोलणार नाही, पोरीलाही बोलू देणार नाही. मग चित्रालाच बोलतं करणं भाग होतं.

घरी येऊन कहकशानं आधी सगळे बाण उडवले. रेघ देणारीपाशी जाड ठेवली आणि घेणारीकडं जाता जाता केसासारखी बारीक केली. काही सरळ रेघा तिसरीच्याच ठिपक्यावरून जात होत्या, त्यांना हलका बाक देऊन बाजूनं नेलं. एकाच दिशेला जाणाऱ्या रेघा वेणीच्या पेडांसारख्या जवळ आणल्या. काळा रंग काढून असा फिका दिला, की वरच्या रेघेतून खालचीही दिसावी. मांडलं, मोडलं, परत मांडलं. अब्बा जेवायला बोलवायला आले तर त्यांच्यावरच खेकसली.

मेळाव्याच्या दिवशी चित्राखाली एकच ओळ होती: जाड टोक देणारीचं, बारीक टोक घेणारीचं.

द्वारकाबाईनं आपलं नाव शोधलं. तिथल्या बारीक टोकावर बोट ठेवलं आणि रेघेवरून सरकवत नेलं. बोट थांबलं ते अमीरबीच्या ठिपक्यावर.

"आगं, हा तर माझा दोडका! मीच नेला होता हिच्याकडून. अन् मीच काय बोलून बसले, जळो माझी जीभ!"

मग काय, बायांची झुंबड उडाली. जिचं तिचं बोट फिरून अमीरबीपाशीच. पार्वतीबाई हसल्या, "हात वर करा म्हणायचं कामच उरलं न्हाई." बियाणं अमीरबीच्याच घरी राहणार, हे ठरलं. कहकशाला तर आकाश ठेंगणं झालं. आपली अम्मी कोण आहे, ते आपल्या रेघांनी साऱ्या गावाला दाखवलं होतं.

अमीरबी मात्र नाक चित्राला लावून काहीतरी शोधत होती. "माझ्याकडं येणारी रेघ कुठंय?"

"ही बघ. द्वारकामावशीनं दिलेला वाल."

अमीरबीनं त्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं. "लईच बारीक काढली, बेटा. त्या साली माझं सगळं बी भिजलं होतं. हिच्याच वालावर आपलं परसू उभं राहिलं. ही जाड कर."

कहकशानं तिथंच लॅपटॉप उघडला.